धाकट्याचे साडेबारा

६ मार्च

वहिनी, नमस्कार.

तुमचा गुडघा दुखतोय आणि तुम्ही तो अजून कुणाला दाखवलेला नाही, हे धरून चालतो आणि पुढचं लिहितो.

सोबत 'बूच काढून'चं ताजं कात्रण आहे. वाइनचे व्यापारी आमचं साप्ताहिक मागून उघडतात, कारण माझं सदर शेवटच्या पानावर असतं, असं संपादक चारचौघांत सांगतात. मानधन वाढवायचा विषय निघाला की मात्र ते पान कुणीच वाचत नाही.

या वेळचा विषय तुमच्या कामाचा आहे. बाटलीवर मद्यार्काचा जो आकडा छापतात आणि आत प्रत्यक्षात जो असतो, त्यांत आजवर दीड टक्क्यापर्यंतचा फरक चालत होता. लेबलावर साडेबारा आणि आत चौदा, तरी कुणी जाब विचारणार नाही. अबकारी खात्याच्या नव्या मसुद्यात ही सूट अर्ध्या टक्क्यावर आणली आहे, एक जुलैपासून. मोठ्या कंपन्यांनी लगेच गळे काढले. उन्हाळे कडक झालेत, द्राक्षात साखर जास्त भरते, आम्ही काय करणार, वगैरे. मी म्हणतो, जे आत आहे ते बाहेर लिहा, एवढंच करा. लोक आता पितातच कमी. तरुण गिऱ्हाईक बाटली हातात आली की आधी उलटी करून मागचं वाचतं. त्याला खोटा आकडा वाचायला दिला तर ते पुढच्या वेळी फळांचा रस घेईल, आणि ते बरोबरच करेल.

शेवटचा परिच्छेद मुद्दाम वाचा. 'छोट्या तळघरांना या नियमाची भीती नाही. आमच्या घरच्या बाटलीवर सव्वीस वर्षं साडेबारा लिहिलेलं आहे आणि आत साडेबाराच आहे. खात्याने पहिला नमुना खुशाल आमच्याच तळघरातून घ्यावा.' हे लिहिताना दादाची आठवण आली. तो असता तर म्हणाला असता, धाकट्या, सदरात घरच्यांना कशाला ओढतोस. पण मनातून खूश झाला असता, असं मी समजतो.

येत्या सप्टेंबरात तरी तोडणी वेळेवर करा. सगळे संपवून हातपाय धुतात तेव्हा आपल्या बागेत कात्र्या निघतात, हे दादाबरोबर संपायला हवं होतं.

तुमचा,
धाकटा दीर


१९ मार्च

भाऊजी,

नात्याने मी मोठी आणि वयाने तुम्ही, तेव्हा आशीर्वाद द्यावा की नमस्कार करावा या घोळात न पडता खुशाली कळवते. गुडघा दाखवला. डॉक्टर म्हणाले, तळघराच्या पायऱ्या कमी करा. मी विचारलं, किती पायऱ्यांचं तळघर चालेल? ते हसले, आणि मी गोळ्या घेऊन परत आले.

कात्रण वाचलं. मुकादमालाही वाचून दाखवलं. तो तुमच्या दादांच्या पहिल्या वर्षापासूनचा माणूस. ऐकून घेतलं आणि उठून टाकीची नळी धुवायला गेला. त्याला बहुधा भाषा जड गेली असेल.

इकडे नवीन म्हणजे, उताराखालच्या शेजारणीने बाग आणि तळघर दोन्ही एका मोठ्या कंपनीला विकलं. तिच्या फाटकावर आता कंपनीची पाटी आहे आणि ती स्वतः त्याच तळघरात पाहुण्यांना चव दाखवायला पगारावर बसते. म्हणते, डोक्याला ताप नाही. काचेच्या बाटल्या पुन्हा महागल्या. दुकानदार म्हणतात, हलकी वाइन पाठवा, अकरा-साडेअकराची, लोकांना दुपारी पिऊन काम करायचं असतं. आता द्राक्षाला कोण समजावणार.

एक विचारायचं होतं, त्या शेजारणीसाठीच. अर्धा टक्का म्हणजे अगदी अर्धाच का? आणि एखाद्याचं लेबल फार जुनं असेल, आकडा पूर्वीचा असेल, तर नुसता आकडा बदलता येतो की सगळी नोंदणी नव्याने करावी लागते? घाई नाही. सवडीने कळवा.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

तुमच्या शेजारणीला सांगा, अर्धा म्हणजे अर्धाच. आकडा बदलला की लेबल नवं धरतात आणि नवी नोंदणी लागते. नोंदणीला सध्या आठ महिने लागतात, आणि तेवढ्या काळात त्या नावाने एक बाटली विकता येत नाही. नमुना नापास झाला तर नोंदणी तिथल्या तिथे रद्द, मग तेच आठ महिने, वर खात्याच्या पत्रकात नाव.

पण वहिनी, मी इतकाही भोळा नाही. जिने तळघर विकून टाकलं तिला लेबलाची चौकशी कशाला हवी? शेजारीण म्हणजे कोण ते मला कळलं. कंपनीचा माणूस तुमच्याकडेही येऊन गेला ना? खरेदीच्या आधी ते हेच प्रश्न विचारतात. तुम्हाला विकायचं असेल तर मी आडवा येणार नाही. माझा हिस्सा मी नोकरी लागली तेव्हाच दादाला लिहून दिला. मात्र शेजारणीच्या आडून विचारू नका, सरळ सांगा. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

आता चांगली बातमी. मसुद्यावर हरकती ऐकायला समिती बसली होती, तिथे मलाही बोलावलं होतं. कंपन्यांच्या वकिलाने तास खाल्ला. मग अध्यक्षांनी माझं कात्रण वर धरलं आणि म्हणाले, इथे एक गृहस्थ स्वतःच्या घराचा नमुना द्यायला तयार आहेत आणि तुम्ही रडताय? सगळे हसले. नियम मंजूर झाला. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात पहिला नमुना आपल्याकडून घेतील, वार्ताहरांसमोर. इतक्या वर्षांच्या लिखाणातून एवढी एक गोष्ट घडली, वहिनी. मी परतीच्या वाटेवर उगाच दोन चौक पायी चाललो.

तुमचा,
धाकटा


११ एप्रिल

भाऊजी,

शेजारणीचं नाव मी उगाच घेतलं. विकण्यासाठी मात्र नाही. कंपनीचा माणूस आला होता, त्याला चहा पाजून पाठवला.

टाक्यांतली वाइन साडेबारा नाही. तेरा पूर्णांक आठ आहे. त्याआधीच्या तोडणीची तेरा पूर्णांक चार होती. मी मोजली, मग मुकादमाने मोजली, मग न राहवून शहरातल्या खासगी प्रयोगशाळेत पाठवली. तेरा पूर्णांक आठच.

जुन्या नियमात हे बसतं. दीड टक्क्याच्या आत आहे, म्हणून मी गप्प होते. तुमच्या नव्या नियमात बसत नाही.

लेबल तुम्हाला माहीतच आहे. ते सगळं तुमच्या दादांनी हाताने लिहिलेलं आहे, नाव, खालची ओळ आणि साडेबाराचा आकडा, त्यातल्या पाचाला ती लांब शेपटी आहे तीसुद्धा. जाण्याआधीच्या वर्षी त्यांनी छापखान्यातून दहा वर्षांची लेबलं एकदम आणून ठेवली. म्हणाले, सारखं कोण जाणार. त्यांतली आठ वर्षांची शिल्लक आहेत. रोज सकाळी दिवा लावला की ती गुंडाळी समोर दिसते. तो आकडा खोडून दुसरा कुणी लिहायचा, हे माझ्याच्याने झालं नाही. आता मला चूक म्हणा.

नोंदणी गेली तर आठ महिने दुकानांत आपण नसू. दुकानदार फळीवरची जागा रिकामी ठेवत नाहीत, तुम्हीच तसं लिहिता. इथे मुकादम धरून सहा माणसं आहेत. त्यांना आठ महिने घरी बसा म्हणायचं म्हणजे बंदच करायचं. मग शेजारणीसारखी मीही पाहुण्यांना चव दाखवायला बसेन, आणि बाहेर कुणा दुसऱ्याची पाटी असेल.

तुम्ही समितीसमोर शब्द देऊन बसलात. मी आधी बोलायला हवं होतं. काय करायचं ते सांगा.

वहिनी


२० एप्रिल

वहिनी,

पत्र चार वेळा वाचलं. तुमचा राग आला, मग माझा आला. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि हात मीच दाखवला.

आता नीट ऐका. अजून बाटल्या भरलेल्या नाहीत ना? मग मार्ग आहे. तुमच्या भागात हलकी वाइन करणारे दोघंतिघं आहेत, साडेदहा-अकराची. कुणाकडून तरी टाकी भरून घ्या आणि आपल्यात मिसळा. चवीत फार फरक पडणार नाही. निम्म्याहून थोडी कमी घातली की आकडा साडेबारावर येईल, मी हिशेब करून मागे लिहिला आहे. मिसळायला बंदी नाही. फक्त 'आमच्याच बागेची' ही लेबलावरची खालची ओळ तेवढी खरी राहणार नाही, पण ती कुणी मोजत नाही.

हे मी लिहितोय हे मलाही दिसतंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पण जुलैत वार्ताहर येणार आहेत आणि त्यांना मीच बोलावलंय.

आणि हे सगळं कशामुळे? त्या दहा दिवसांमुळे. सगळे द्राक्ष काढून मोकळे होतात आणि दादा वेलीखाली उभा. एका वर्षी गारपिटीत निम्मी बाग गेली ती त्या दहा दिवसांत. तेव्हा मी सदरात लिहिलं होतं, 'माझ्या माहितीचा एक बागायतदार तोडणीचा मुहूर्त हट्टाने ठरवतो.' दादा त्यावर कधीच काही बोलला नाही. तो गेल्यावर तुम्हीही दहा दिवस थांबत राहिलात, उन्हं दरवर्षी कडक, मग साखर वाढणारच. तो हट्ट कसला होता, हे एकदा मला कुणीतरी सांगा. मी खरंच विचारतोय.

धाकटा


३ मे

भाऊजी,

तुम्ही खरंच विचारलंत म्हणून मीही खरंच विचारलं. मुकादमाला.

मी इतकी वर्षं समजत होते की उशिरा तोडल्याने चव येते. मला तसंच सांगितलेलं होतं. मुकादम आधी टोलवाटोलवी करत राहिला. मग मी म्हटलं, नमुन्यात नापास झालो तर तुझंही घर बसणार आहे, बोल. तेव्हा तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "थोरले मालक दरवर्षी वेलीखाली उभे राहून एकच बोलायचे. धाकट्याचे साडेबारा अजून भरले नाहीत."

पुढचं मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण तो अडखळत होता.

पहिल्या वर्षीची वाइन तुम्ही मोजली होती, त्या पितळी यंत्रावर, ज्याला तुम्ही दोघं बंब म्हणायचात. आधी पाणी उकळून काट्याची खूण घ्यायची, मग वाइन उकळायची, दोन खुणांतल्या फरकावरून मद्यार्क कळतो. तुम्ही साडेबारा वाचला, कागदावर सही केली, यांनी तो आकडा लेबलावर लिहिला. तोच कागद घेऊन तुम्ही खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीच्या मुलाखतीला गेलात. चार दिवसांनी यांनी सहज पुन्हा मोजली. अकरा पूर्णांक तीन भरली. मुकादम बंबाखाली वात धरून उभा होता. तीन वेळा मोजली म्हणतो.

तोवर तुमचं नेमणुकीचं पत्र आलं होतं. मुकादम म्हणाला, लेबल बदलू या का. हे म्हणाले, त्या कागदावर धाकट्याची नोकरी उभी आहे, कागद परत मागितला तर प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी त्याचं हसं होईल. दीड टक्क्याच्या सुटीत बसतंय, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी आपण त्याचा आकडा खरा करू.

आणि पुढच्या वर्षी द्राक्ष दहा दिवस वेलीवर ठेवलं. बारा पूर्णांक चार आली. मग ती रीतच पडली. गारपीट झाली त्या वर्षी हे बागेत कमरेएवढ्या चिखलात उभे होते, मला आठवतं. मी म्हटलं होतं, आधी तोडलं असतं तर. हे म्हणाले, असू दे. ते तुमचं कात्रण बंबाच्या खोक्यात आहे. नीट चार घड्या घालून ठेवलंय. मला वाटायचं राग आला म्हणून लपवलंय.

दुसऱ्याची वाइन मी आणणार नाही. यांनी शेवटपर्यंत आपल्याच बागेतून तो आकडा काढला. आता शेवटाला तो शेजारच्या टाकीतून आणायचा, हे मला जमणार नाही. नमुना येईल तो येईल. तुम्हाला सदरात काही सांगून सुटता येत असेल तर सुटा, मी मनात ठेवणार नाही.

पत्र टाकावं की नाही यात दोन दिवस गेले. तुम्हाला दुखवायचं नाही. पण विचारलंत.

वहिनी


२९ मे

वहिनी,

इतके दिवस उत्तर दिलं नाही याचं कारण, मला जे लिहायचं होतं ते मला लिहायचं नव्हतं.

मला माहीत होतं.

दहा दिवसांचं नाही. ते मला तुमच्या पत्राने कळलं, आणि वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो, कारण घरात माणसं होती. पण आकडा चुकलाय हे मला प्रयोगशाळेतल्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिथले वरिष्ठ रोज सकाळी आधी पाणी उकळायला लावायचे. मी विचारलं, कालची खूण का चालत नाही? ते म्हणाले, हवा बदलते, आणि जागा बदलली तर विचारूच नकोस, उंचावर पाणी लवकर उकळतं, खालची खूण वर नेलीस तर वाइन आहे त्याहून कडक दिसेल.

त्या सकाळी मला मुलाखतीची गाडी गाठायची होती. बंब मी आदल्या दिवशी खाली शहरात दुरुस्तीला नेला होता, तिथेच दुकानात पाण्याची खूण घेतली होती. वर आल्यावर पुन्हा पाणी कोण उकळत बसणार? सरळ वाइन ओतली. साडेबारा. दादा बाजूला लेखणी घेऊन उभा होता. त्याने विचारलं, पाणी घेतलंस ना? मी म्हटलं, घेतलं.

पहिल्या आठवड्यात कळलं तेव्हा दादाला लिहिणार होतो. मग वाटलं, सुटीत बसतंय, कशाला. नोकरी नवी होती. पुढच्या वर्षी त्याने साडेबाराच कळवला तेव्हा मला वाटलं, चला, आपोआप जुळलं. मग मी विसरलो. विसरलो असं म्हणतो. बारा वर्षं प्रयोगशाळेत नव्या पोरांना 'आधी पाणी' म्हणून ओरडत होतो, ती पोरं मला त्याच नावाने ओळखायची.

ज्या सुटीने माझी चूक सव्वीस वर्षं झाकली, ती सूट मीच भांडून काढून टाकली. आणि ज्या दहा दिवसांनी दादाने माझी लाज राखली, त्यांची मी छापून चेष्टा केली. त्याने ते कात्रण जपून ठेवलं हे तुम्ही लिहिलं नसतंत तर बरं झालं असतं, असं एक दिवस वाटलं. आता तसं वाटत नाही.

सोबत येत्या अंकातल्या सदराची प्रत आहे. संपादक म्हणाले, यातलं अर्धं गाळू, तुमचं नाव जाईल. मी म्हटलं, अर्धं गाळणार असाल तर सगळंच परत द्या. बंब, कालची खूण, सही, नोकरी, सगळं त्यात आहे. आपल्या टाकीतले तेरा पूर्णांक आठही आहेत. शेवटी एक मागणी केली आहे. सूट कमी केली ते योग्यच आहे, पण आकड्याची जागा रिकामी ठेवून लेबल नोंदवायची सोय द्या, म्हणजे दरवर्षी मोजलेला आकडा तिथे शिक्क्याने उठवता येईल. द्राक्ष दरवर्षी वेगळं असतं. एकदा लिहिलेल्या आकड्यासाठी कुणाला वेलीखाली उभं राहायला लावू नका.

नमुन्याला मी येणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी.

धाकटा


१८ जुलै

भाऊजी,

तुम्ही इथून गेल्यावर घर दोन दिवस फार शांत वाटलं. मुकादम म्हणतो, धाकटे मालक अजून पायऱ्या दोन-दोन उतरतात, सांगा त्यांना, वय झालं.

खात्याचा अहवाल आला. तेरा पूर्णांक आठ, नापास, नोंदणी रद्द. आपण तिघांनी आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याला कळेना की गंभीर चेहरा कुणापुढे करायचा. वार्ताहर दोनच आले. त्यातल्या एकीने तेरा पूर्णांक आठची चव घेतली आणि विचारलं, ही विकत मिळते का. मी म्हटलं, आठ महिन्यांनी.

टाक्यांतला माल मोठ्या कंपनीला बाटल्या न भरता सुटा विकला. त्यांच्या नावाने जाईल. टँकर उतारावरून गेला तेव्हा मी आत जाऊन बसले. पण सहाही माणसं कामावर आहेत, पुढच्या मोसमापर्यंतचं निभावतं. दुकानदारांपैकी निम्म्यांनी आपली फळी दुसऱ्यांना देऊन टाकली. तिघांनी मात्र पत्र पाठवलं, जागा राखतो म्हणून. एकाने तर तुमचं सदर गल्ल्यामागे लावलंय म्हणे.

आणि हे वाचा, खात्याचंच पत्र. छोट्या तळघरांना रिकाम्या आकड्याचं लेबल नोंदवायची परवानगी. आपला अर्ज पहिला घेतला. यांचंच अक्षर राहील, नाव आणि खालची ओळ. फक्त साडेबाराच्या जागी कोरी चौकट.

यंदा दहा दिवस थांबणार नाही. सगळ्यांबरोबर तोडणी. तोवर लेकीचे दिवस भरत आलेले असतील, मी तोडणी झाली की तिच्याकडे जाईन ते दोन महिने. वाइन तयार होईल तेव्हा मोजायला इथे कुणी हवं. मुकादम म्हणतो, मी वात धरीन, काटा वाचणार नाही.

पाणी उकळायला तुम्ही या.

वहिनी


९ नोव्हेंबर

वहिनी,

नात झाल्याचं कळलं. आजीबाई म्हणायची सवय मी आणि मुकादम इथे तळघरात मिळून करतोय. गुडघ्याला तिकडे तरी आराम द्या, बाळ काही तळघरात राहत नाही.

आज मोजली.

सकाळी मुकादमाने वात लावली. बंबात आधी पाणी घातलं, उकळलं, खूण घेतली. मग ते ओतून टाकलं आणि पुन्हा पाणी घातलं, पुन्हा उकळलं, पुन्हा खूण घेतली. मुकादम वात मोठी करताना मान हलवत होता. मग वाइन. बारा पूर्णांक सात. दुसऱ्यांदा मोजली, बारा पूर्णांक सात.

मुकादम म्हणाला, "अर्ध्या टक्क्यात बसतंय की. साडेबारा लावता येईल. थोरल्या मालकांची सगळी लेबलं पडून आहेत."

त्याचं चूक नव्हतं. नियमात बसतं, नियम माझ्यापेक्षा कुणाला पाठ असेल. जुन्या लेबलाची नोंदणी परत मागता आली असती, खात्यातही कुणी नाही म्हटलं नसतं. मी गुंडाळी उचलून समोर ठेवली. पाचाची ती शेपटी. दादाने ती माझ्या शब्दावर लिहिली होती, आणि पुढे जन्मभर तो माझ्या शब्दामागे चालला. मुकादमाने मध्ये चहा आणून ठेवला, तो गार झाला.

मग कोऱ्या चौकटीचं पहिलं लेबल घेतलं आणि शिक्का उठवला. बारा पूर्णांक सात. थोडा तिरका आलाय, सवय नाही.

साडेबाराचं एक लेबल गुंडाळीतून कापलं आणि बंबाच्या खोक्यात ठेवलं, माझ्या कात्रणाशेजारी. बाकीची गुंडाळी तुम्ही आल्यावर काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

दादाने तेव्हा विचारलं होतं त्याचं खरं उत्तर द्यायचं राहिलं होतं. म्हणून खोकं बंद करण्याआधी ते मोठ्याने दिलं. मुकादम साक्षीला होता.

पाणी घेतलं, दादा.

धाकटा